फोनचं नाव काय विचारता, ट्रेड टेस्ट घ्या!



पगार दोन महिने थकलाय. तक्रार ऑनलाईन होते, असं कुणीतरी सांगितलं. ड्युटीवरून आल्यावर, अंघोळीची लाईन संपल्यावर तुम्ही बेडवर बसून साईट उघडता आणि समोर पाटी येते: "तुमचा ब्राउझर सपोर्टेड नाही. कृपया दुसरा ब्राउझर वापरा." खाली एक-दोन ब्राउझरची नावं. फॉर्म नाही, फोन नंबर नाही, पुढे जायला बटण नाही.

ही पाटी आपल्यातल्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिली आहे. कुणाला पासपोर्टच्या कामात, कुणाला व्हिसाचं स्टेटस बघताना, कुणाला कंपनीच्या रजेच्या पोर्टलवर. आणि पाटी दिसली की आपण काय करतो? मान खाली घालतो. "फोन जुना झालाय." "आपल्याला हे कॉम्प्युटरचं जमत नाही." मग दुसऱ्या दिवशी टायपिंग सेंटरला नाहीतर एजंटकडे.

मला एवढंच ठणकावून सांगायचं आहे की बहुतेक वेळा दोष तुमचा नसतो आणि तुमच्या फोनचाही नसतो. ती पाटी लावतो चार-पाच ओळींचा एक प्रोग्रॅम. तो तुमच्या ब्राउझरला फक्त नाव विचारतो आणि त्या नावावरून तुम्हाला बाहेर काढतो. आणि ब्राउझरच्या दुनियेत नाव ही सगळ्यात कमी भरवशाची गोष्ट आहे. हा विषय आयटीवाल्यांचा म्हणून सोडून देऊ नका. पगाराची तक्रार, एजंटचा परवाना, पासपोर्ट, एक्झिट असं सगळं आता वेबसाईटच्या दारातून जातं. दारावर कुणाला अडवायचं हे ठरवणारा माणूस आपल्या हक्काचा मामला ठरवतो.

पाटी लावतो कोण?

वेबसाईट उघडली की तिच्याबरोबर एक छोटा प्रोग्रॅम तुमच्या फोनवर उतरतो. त्याला जावास्क्रिप्ट म्हणतात. हा प्रोग्रॅम तुमच्याच फोनमध्ये चालतो. पाटी लावणाऱ्या साईटवर त्याचं पहिलं काम असतं तुमच्या ब्राउझरला विचारणं, "तू कोण?" ब्राउझर एक ओळ पुढे करतो. तिला युजर एजंट म्हणतात. अँड्रॉईड फोनवरच्या साध्या क्रोमची ती ओळ साधारण अशी असते:

मोझिला/5.0 (लिनक्स, अँड्रॉईड 10, के) ॲपलवेबकिट/537.36 (केएचटीएमएल, लाईक गेको) क्रोम/124.0.0.0 मोबाईल सफारी/537.36

नीट वाचा. हा क्रोम आहे. पण तो आधी स्वतःला मोझिला म्हणवतो, मग ॲपलचं नाव घेतो, मग आपण गेकोसारखे आहोत म्हणतो, मग कुठे क्रोम म्हणतो आणि शेवटी सफारीही म्हणतो. एका माणसाच्या पासपोर्टवर पाच जणांची नावं. प्रोग्रॅम या ओळीत एखादा शब्द शोधतो. सापडला तर आत, नाही तर पाटी. एवढीच ती "तपासणी".

खोटं नाव सांगायला ब्राउझर शिकले कसे?

1995 च्या आसपास नेटस्केप नावाचा ब्राउझर जोरात होता. त्याचं आतलं नाव मोझिला. त्याला पानाचे वेगवेगळे भाग, म्हणजे फ्रेम्स, दाखवता यायचे. वेबसाईटवाल्यांनी सोपा नियम केला: मोझिला असेल तर चांगलं पान, नसेल तर साधं पान. मग मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. त्यालाही हळूहळू तेच काम जमू लागलं, पण नावामुळे चांगलं पान मिळेना. म्हणून त्याने ओळीच्या सुरुवातीला लिहिलं, "मोझिला", आणि कंसात "कम्पॅटिबल". झालं काम.

2003 मध्ये ॲपलचा सफारी आला, त्याने "लाईक गेको" असं लिहिलं. 2008 मध्ये क्रोम आला, त्याने सफारीचं नाव जोडलं. 2013 मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या 11 व्या आवृत्तीने तर ज्या खुणेने लोक त्याला ओळखायचे ती खूणच ओळीतून काढली आणि "लाईक गेको" लिहिलं. कारण उघड होतं. जुन्या साईट त्याला जुनाट समजून जुनी पानं देत होत्या. आज जावास्क्रिप्टने कुठल्याही प्रमुख ब्राउझरला "तुझ्या ॲपचं नाव काय?" असं विचारलं तर उत्तर येतं, "नेटस्केप". नेटस्केप कधीच संपला. पण सगळे अजून त्याच्याच नावाने हजेरी लावतात, आणि आता तर हे वेबच्या अधिकृत नियमातच लिहिलेलं आहे.

ऑपेरा नावाच्या ब्राउझरची गोष्ट ऐका. 2003 मध्ये ऑपेरा कंपनीने दाखवून दिलं की एमएसएन ही साईट त्यांच्या ब्राउझरला वेगळी, बिघडलेली मांडणी पाठवते. त्यांनी तपासायला काय केलं? ओळीतलं "ऑपेरा" हे नाव बदलून "ओप्रा" केलं. ब्राउझर तोच, कॉम्प्युटर तोच, पण पान ठीक दिसायला लागलं. एका अक्षराचा खेळ. पुढे 2009 मध्ये ऑपेराची 10 वी आवृत्ती आली, तेव्हा ओळीत तिला स्वतःला 9.80 म्हणावं लागलं. कारण कित्येक साईटचे प्रोग्रॅम आकड्यातला फक्त पहिला अंक वाचायचे आणि 10 ला 1 समजायचे. दहा वर्षं अनुभवाचा वेल्डर, आणि टाईमकीपर म्हणतो, "एकच वर्ष दिसतंय, तुला हेल्परचा पगार."

2019 च्या डिसेंबरमध्ये विवाल्डी या ब्राउझरने आपलं नावच ओळीतून काढून टाकलं आणि बहुतेक साईटवर तो क्रोम म्हणून जाऊ लागला. आतलं इंजिन क्रोमचंच होतं, तरी केवळ वेगळं नाव दिसलं म्हणून साईट त्याला अडवत होत्या.

जो खरं नाव सांगतो तो बाहेर, जो दुसऱ्याचं नाव लावतो तो आत. असा दरवाजा कुणाचं रक्षण करतो?

आपल्याकडे याला ट्रेड टेस्ट म्हणतात

तुम्ही मुंबईत ट्रेड टेस्ट दिली असेल. वेल्डरच्या हातात रॉड देतात, प्लेट देतात आणि म्हणतात, जोडून दाखव. गवंड्याला सांगतात, एवढी भिंत ओळंब्यात उभी कर. तिथे कुणी "तुझं गाव कुठलं, आडनाव काय?" एवढंच विचारून पास-नापास केलं असतं तर आपण गप्प बसलो असतो का? आणि सीव्हीवर काय काय लिहिलेलं असतं हे तर आपल्यालाच ठाऊक आहे. एजंटने सांगितलं म्हणून पाच वर्षांचा गल्फचा अनुभव लिहिणारे कमी नाहीत. म्हणून तर हातचं काम बघतात.

ब्राउझरचीही ट्रेड टेस्ट घेता येते. प्रोग्रॅमने नाव विचारण्याऐवजी विचारायचं, "तुला फोटो निवडून पाठवता येतो का? लोकेशन देता येतं का? ही तारीख निवडायची पेटी दाखवता येते का?" येत असेल तर ती सोय द्या. नसेल तर त्याच कामाचा साधा मार्ग द्या: तारखेची पेटी नाही जमली तर तारीख टाईप करायला जागा. याला फीचर डिटेक्शन म्हणतात. ही काही नवी, महागडी गोष्ट नाही. वेबचं काम शिकवणारी चांगली पुस्तकं आणि माहितीची पानं कित्येक वर्षं हेच सांगत आली आहेत: नावावर जाऊ नका, क्षमता तपासा.

मग लोक नावावर का जातात? कारण ते सोपं आहे. दोन ओळी लिहिल्या की काम झालं. ऑफिसातल्या दोन कॉम्प्युटरवर साईट चालली, बाकीच्यांना पाटी. बाकीचे म्हणजे कोण? तुम्ही आणि मी.

पाटी कुठे कुठे चुकते

वरच्या ओळीत "अँड्रॉईड 10, के" असं आहे, ते पुन्हा बघा. क्रोमने लोकांची माहिती कमी फुटावी म्हणून ही ओळ मुद्दाम मोघम केली. त्यामुळे तुमच्या फोनमध्ये अँड्रॉईड 14 असलं तरी ओळ 10 च सांगते, आणि फोनचं मॉडेल लपवून सगळ्यांना "के" म्हणते. आता ज्या साईटचा प्रोग्रॅम "अँड्रॉईड 11 च्या खाली असेल तर बाहेर" असं म्हणत असेल, तो दुकानातून कालच आणलेला फोनही बाहेर काढेल. तुम्ही पोटाला चिमटा काढून नवा फोन घेतलात, तरी पाटी तीच.

आयफोनवाल्यांची वेगळी गंमत. काही ठिकाणची सूट सोडली तर आयफोनवर ॲपल सगळ्या ब्राउझरना सफारीचंच इंजिन वापरायला लावतं. म्हणजे आयफोनवरचा क्रोम आतून सफारीच. "सफारी चालत नाही, क्रोम वापरा" अशी पाटी तिथे निव्वळ थट्टा आहे. वर आयफोनवरचा क्रोम ओळीत स्वतःला "क्रोम" लिहीतच नाही, "सीआरआयओएस" लिहितो. "क्रोम" शब्द शोधणारा प्रोग्रॅम तुमच्या हातात क्रोम असतानाही म्हणणार, क्रोम वापरा.

फेसबुकवर कुणी लिंक टाकली आणि तुम्ही तिथूनच उघडली, तर ती बऱ्याचदा फेसबुकच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते. त्याची ओळ वेगळी. तिथे पाटी दिसली म्हणून तुमच्या फोनमध्ये साईट चालतच नाही असं होत नाही.

आणि मुळात तो तपासणारा प्रोग्रॅम तुमच्यापर्यंत पोचलाच नाही तर? कॅम्पच्या एका वायफायवर चाळीस माणसं, निम्मे गावाला व्हिडिओ कॉल करतायत. पान अर्धं उतरतं, प्रोग्रॅम लटकतो, पांढरा पडदा. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल खात्याने 2013 मध्ये मोजलं होतं. त्यांच्या साईटवर येणाऱ्यांपैकी 1.1 टक्के लोकांकडे जावास्क्रिप्ट चालत नव्हती. त्यातल्या फक्त 0.2 टक्के लोकांनी ती बंद तरी केली होती किंवा त्यांच्या ब्राउझरला ती येतच नव्हती. उरलेल्या 0.9 टक्के लोकांचा ब्राउझर ठीक होता, तरी ती चालली नाही. हे ब्रिटनमधलं. लेबर कॅम्पमध्ये जाऊन कुणी मोजलेलं मला दिसलं नाही, पण तिथलं नेट कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको.

सगळ्यात मोठा पुरावा तुमच्या हातात आहे. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके दाबा, "डेस्कटॉप साईट" वर टिक करा. आता तुमचा क्रोम ओळीत अँड्रॉईड म्हणत नाही, लिनक्स कॉम्प्युटर म्हणतो. पुष्कळदा पाटी जाते आणि फॉर्म उघडतो. अक्षरं बारीक दिसतात, पण काम होतं. विचार करा: फोन तोच, ब्राउझर तोच, नेट तेच. बदललं फक्त नाव. मग आधी अडवलं होतं कशासाठी?

नुकसान कुणाचं?

अकाउंट्समधल्या साहेबाला पाटी दिसली तर तो शेजारचा लॅपटॉप उघडतो. त्याची पाच मिनिटं जातात. आपल्याकडे फोन एकच असतो. गावाला पैसे पाठवणं, पोराचा अभ्यास, बँक, तक्रार, सगळं त्याच्यावर. तोच दाराबाहेर राहिला की आपण बाहेर.

मग टायपिंग सेंटर. त्या लोकांशी माझं भांडण नाही. कितीतरी कायदेशीर कामं तिथूनच होतात आणि काउंटरवरचा पोरगा बहुधा आपल्यासारखाच परक्या मुलखात आलेला असतो. पण जे काम फुकट, स्वतःच्या फोनवर, रात्री अकरा वाजताही व्हायला हवं होतं, त्यासाठी अर्धी हजेरी बुडते, बसभाडं जातं, फी जाते. आणि त्याहून वाईट म्हणजे तुमचा पासपोर्ट नंबर, सिव्हिल आयडी, पासवर्ड आणि ओटीपी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जातो. तक्रार कंपनीविरुद्ध असेल आणि तुम्ही ती भरायला कंपनीच्याच मंदूबला सांगितलंत, तर ती कुठे पोचेल ते सांगायची गरज नाही.

मायदेशातही तेच. ईसीआर पासपोर्टवर 18 देशांत कामाला जायचं तर ई-मायग्रेट मधून मंजुरी लागते. रिक्रूटिंग एजंट परवानाधारक आहे की नाही तेही तिथेच बघता येतं. एजंटने सेवेचे 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत असा नियम आहे. पण रत्नागिरीच्या एखाद्या गावात बसलेल्या पोराच्या फोनवर अशी माहिती देणारं पानच उघडलं नाही, तर त्याला खरं-खोटं कोण सांगणार? एजंटच. ज्याच्यावर लक्ष ठेवायला यादी केली, त्याच्याच तोंडून यादी ऐकायची. बंद दरवाजाचा फायदा नेहमी दारात उभ्या दलालाला होतो.

"सुरक्षेसाठी आहे" म्हणतात, त्याचं काय?

हा त्यांचा नेहमीचा बचाव आहे आणि त्यात थोडं तथ्यही आहे. फार जुना ब्राउझर धोक्याचा असतो. त्यातली भोकं बुजवलेली नसतात आणि जुन्या फोनला नवा क्रोम मिळणं बंद होतं. अँड्रॉईड 7 साठी क्रोमची 119 वी आवृत्ती शेवटची ठरली. हे खरं आहे, म्हणून जमेल तेव्हा अपडेट कराच.

पण पाटीने सुरक्षा येत नाही. तुमचा फोन आणि साईट यांच्यात जे कुलूप लागतं, ते पान उतरायच्या आधी लागतं. फोनला ते कुलूप लावताच येत नसेल तर पानच उघडणार नाही आणि पाटीचा प्रोग्रॅम पोचणारच नाही. म्हणजे एचटीटीपीएस असलेल्या साईटवर पाटी दिसली, याचा अर्थ कुलूप आधीच लागलेलं आहे. वर, ज्याला फसवायचंच आहे असा चोर नाव बदलून आरामात आत जातो. एक टिक लागते, आत्ताच बघितलं. या पाटीने चोर अडत नाही, अडतो तो सरळ माणूस. ब्राउझर खरंच धोक्याचा वाटत असेल तर पिवळी सूचना द्या: "तुमचा ब्राउझर जुना आहे, सांभाळा." आणि खाली फॉर्म ठेवा. सूचना देणं आणि दार बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा बचाव खर्चाचा. "सगळ्या फोनवर तपासायला परवडत नाही." सगळ्या फोनवर तपासा असं म्हणतंय कोण? नाव, पासपोर्ट नंबर, कंपनी, किती महिन्यांचा पगार थकला, आणि पाठवा असं बटण. एवढ्या फॉर्मला जावास्क्रिप्टच लागत नाही. साधा फॉर्म वेबच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांपासून आहे आणि जवळपास प्रत्येक ब्राउझर तो दाखवतो. आधी तो करा, मग वर नक्षी चढवा. ब्रिटनचं सरकार आपल्या खात्यांना हेच सांगतं: पाया साधा ठेवा, जावास्क्रिप्टशिवाय काम झालं पाहिजे. भारत सरकारच्या वेबसाईटसाठीही 2009 पासून मार्गदर्शक नियम आहेत, 2023 मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. साईट वेगवेगळ्या ब्राउझरवर आणि फोनवर चालावी ही अपेक्षा त्यात आहे. नियमांचा तुटवडा नाही, धाक नाही.

एका कोटासाठी जागं झालेलं सरकार

एका ब्राउझरवर सगळा देश बांधला की काय होतं, ते दक्षिण कोरियाने भोगलं आहे. तिथे 1999 च्या सुमारास ऑनलाईन व्यवहारासाठी स्वतःची सुरक्षा पद्धत आणि सरकारमान्य डिजिटल सर्टिफिकेट आलं. ते चालवायला ॲक्टिव्हएक्स नावाचा जोडभाग लागायचा आणि तो फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायचा. झालं! बँक, खरेदी, सरकारी काम, सगळ्यासाठी एकच ब्राउझर. जगातल्या सगळ्यात वेगवान इंटरनेटपैकी एक ज्या देशात, तिथे लोक वर्षानुवर्षं एका कंपनीच्या जुन्या ब्राउझरला बांधलेले. कारण सुरक्षेचंच दिलं होतं.

2014 च्या मार्चमध्ये तिथल्या अध्यक्षा पार्क ग्युन-हे यांनी या प्रकारावर जाहीर नाराजी दाखवली. निमित्त काय? एका टीव्ही मालिकेतल्या नायिकेचा कोट चीनमधल्या चाहत्यांना कोरियन साईटवरून विकत घेता येत नव्हता. त्या सर्टिफिकेटचा खास दर्जा जायला 2020 चा डिसेंबर उजाडला. आणि इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टनेच 15 जून 2022 रोजी निरोप दिला. "फक्त याच ब्राउझरमध्ये" म्हणणाऱ्या सगळ्या पाट्या त्या दिवशी मेलेल्या ब्राउझरकडे बोट दाखवत राहिल्या.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, हे बदलता येतं. दुसरी, गिऱ्हाईक अडलं तेव्हा सरकारला घाई झाली. आपण गिऱ्हाईक नाही, कामगार आहोत. आपला कोट विकायचा राहिलेला नाही, पगार मिळायचा राहिला आहे. म्हणून आपल्याला जास्त मोठ्याने बोलावं लागेल.

आज काय कराल

1. पाटी दिसली की आधी स्क्रीनशॉट काढा. वरचा साईटचा पत्ता, तारीख आणि वेळ दिसू दे. तक्रारींना मुदत असते. "मी या तारखेला प्रयत्न केला होता" हे दाखवायला काहीतरी हाताशी हवं.

2. लिंक फेसबुकच्या आत उघडली असेल तर तीन ठिपके दाबून बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा.

3. "डेस्कटॉप साईट" करून बघा. हा काही गुन्हा नाही, ब्राउझरने स्वतः दिलेली सोय आहे.

4. प्ले स्टोअरवरून ब्राउझर अपडेट करा. क्रोम नाही चालला तर फायरफॉक्स लावून बघा. व्हॉट्सॲपवर कुणी "हा ब्राउझर टाक" म्हणून फाईल पाठवली तर टाकू नका. पाटीला कंटाळलेल्या माणसाला गाठायचा हा सोपा सापळा आहे.

5. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जावंच लागलं तर स्वतः समोर बसा, पासवर्ड स्वतः टाईप करा, ओटीपी मोठ्याने सांगू नका, निघताना लॉगआउट करा आणि रात्री पासवर्ड बदला. तक्रार नंबर लिहून घ्या.

6. ऑनलाईन काहीच जमलं नाही तर तिथेच थांबू नका. त्या देशाच्या कामगार खात्यात फोन करा किंवा स्वतः जा. भारतीय दूतावासात अर्ज द्या आणि पोच घ्या. दुबई, रियाध, जेद्दा आणि क्वालालंपूर इथे प्रवासी भारतीय सहायता केंद्रं आहेत. अर्जात लिहा: "साईटने माझा ब्राउझर नाकारला, स्क्रीनशॉट जोडला आहे."

मागणी काय करायची

एकट्याने बोललं तर "फोन बदला" म्हणतील. रूममधल्या दहा जणांनी आपापले स्क्रीनशॉट एकत्र करून पाठवले तर उत्तर द्यावं लागतं. दूतावासाच्या ओपन हाऊसमध्ये, मंडळाच्या कार्यक्रमाला कुणी अधिकारी आला की तिथे, गावाकडे आमदार-खासदाराच्या ऑफिसात, हेच चार मुद्दे ठेवा:

पगार, तक्रार, पासपोर्ट आणि परवाना यांच्या कुठल्याही पानावर ब्राउझरच्या नावावरून कुणालाही अडवू नये.

जे काम फोनला खरंच जमत नाही ते नेमकं काय, हे मराठी-हिंदीसारख्या आपल्याला कळणाऱ्या भाषेत सांगावं, आणि त्याच पानावर दुसरा मार्ग द्यावा: साधा फॉर्म, फोन नंबर, ऑफिसचा पत्ता.

साईट सुरू करण्याआधी ती कॅम्पमध्ये आणून, कामगाराच्या हातातल्या फोनवर, कॅम्पच्या वायफायवर चालवून दाखवावी.

साईटने अडवल्यामुळे तक्रारीला उशीर झाला असेल तर तो दिवस कामगाराच्या खात्यात धरू नये.

आणि एक काम घरातलं. तुमचा पुतण्या, भाचा, शेजाऱ्याची मुलगी हिंजवडीत किंवा बंगळुरूत वेबसाईट बनवायच्या कामाला असेल. त्याला, तिला हा लेख पाठवा. विचारा, "बाळा, तुझ्या साईटवर काका आला तर त्याला नाव विचारशील की काम?" त्यांना फीचर डिटेक्शन काय ते शिकवायची गरज नाही, ते त्यांना माहीत असतं. दाराबाहेर उभा आहे तो कोण, हे माहीत नसतं.

तुम्ही ज्या इमारती बांधल्या त्यांच्या लिफ्ट, त्यांचे रस्ते, त्यांचे एसी चालतात की नाही हे तपासूनच मालकाने ताबा घेतला. प्लास्टर नावावर पास झालं नाही, पाईपला प्रेशर लावून बघितलं. तुमच्या कामाला जो नियम लावला, तोच त्यांच्या कामाला लावा म्हणून सांगा. पुढच्या वेळी ती पाटी दिसली तर फोनला शिव्या देऊ नका. स्क्रीनशॉट काढा आणि वर पाठवा.